जुन्या जिनिंगचे घर करताना

मनमाड–हैदराबाद रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि जालना, सेलू, परभणी या पट्ट्यातील कापसाला जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी दाबण्याच्या, गिरण्यांची जोड मिळाली. अशी एखादी बंद पडलेली दगडी इमारत राहण्यासाठी घ्यायची असेल, तर खोल्यांचा नकाशा काढण्याआधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती नुसती पाहावी. काळी जमीन उन्हात भेगाळते, पावसात फुगते आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. प्रत्येक तड्यावर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवावी व शेजारी तारीख लिहावी. वर्षभरात काच शाबूत राहिली, तर तडा भरून घ्यावा. फुटली, तर आधी पागोळ्यांचे पाणी पायात मुरते आहे का ते तपासावे आणि भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करून घ्यावी.

भिंतीची जाडी पाहून निर्धास्त होऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हातभर जाडीच्या भिंतीच आधी ढासळल्या, कारण आतला आणि बाहेरचा दगडी थर एकमेकांना बांधलेला नव्हता व माथ्यावर मातीच्या धाब्याचे ओझे होते. म्हणून दोन्ही थरांना आरपार जोडणारे लांब दगड आहेत का, हे अनुभवी गवंड्याकडून पाहून घ्यावे. नसल्यास साधारण मीटरभर अंतराने छिद्रे पाडून त्यांत सळईसह काँक्रीट भरावे आणि छताच्या पातळीला सलग पट्टा द्यावा. हे काम मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखालीच व्हावे.

दगडांमधल्या दरजा (सांधे) सिमेंटने भरणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही आणि ती ओल मग दगड व जुना चुना पोखरते. कळीचा चुना विरवून काही आठवडे पाण्याखाली ठेवावा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी) आणि दोन भाग वाळू हे प्रमाण बहुधा जमून येते. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडावी, पाणी मारावे, मग भरावी आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकावी. मे महिन्यात हे काम काढू नये. चुना आवळण्याआधीच सुकतो.

आता आतली रचना. अनेक जीनघरांत वर जीन यंत्रांची रांग आणि खाली त्यांना फिरवणारा लांब शाफ्ट व पट्टे असत. कापूस वर भरायचा, रुई पुढे पडायची, सरकी खाली उतरायची. घरासाठी हीच विभागणी जपावी: वरचे उंच, सलग दालन बैठकीला, आणि खालचा ठेंगणा, थंड भाग कोठार, न्हाणीघर व उन्हाळ्यातल्या दुपारच्या झोपेला. मध्ये स्लॅब टाकून खोल्या दुप्पट करण्याचा सल्ला ठेकेदार हमखास देतो. तो मानला की इमारतीचे जे वेगळेपण आहे तेच संपते. जास्त खोल्या हव्याच असतील, तर हलक्या लोखंडी सांगाड्यावर त्या स्वतंत्र उभ्या कराव्यात, त्यांचे पाय मुरूम लागेपर्यंत खोल न्यावेत आणि जुन्या भिंतीपासून चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे जमीन हलली तरी नवे बांधकाम जुन्याला रेटणार नाही. यंत्रांचे दगडी चौथरे फोडू नयेत. स्वयंपाकाचा ओटा त्यांच्यावर उत्तम बसतो, फक्त तेल मुरलेला वरचा थर आधी तासून काढावा, नाहीतर त्यावर काहीच धरत नाही.

पारा चाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याखाली राहणे अशक्य होते. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून फळ्यांचे छत करावे आणि छपराच्या कण्यालगतची जुनी झरोक्यांची पट्टी बुजवू नये, कारण तापलेली हवा तिथूनच निघते. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ॲस्बेस्टॉसची शक्यता धरावी आणि ते स्वतः कापू वा फोडू नयेत. तुळयांवर साचलेली कापसाच्या तंतूंची धूळ वायरिंगच्या आधी पूर्ण झाडून काढावी. एका ठिणगीने ती पेट घेते.

जागेचा सातबारा, १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) आणि उर्दूतले निजामकालीन कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत, आणि औद्योगिक वापरातून निवासी वापरासाठीची परवानगी हाती आल्यावरच गवंडी बोलवावा.