गावच्या इगर्जीचा इतिहास लिहायचा तर

इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, दर्शनी भिंतीवरचं साल वहीत उतरवा, पण तीच स्थापना असं धरून चालू नका. मी ती चूक केली. गोव्यात बारदेस तालुक्यातल्या आमच्या गावच्या फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, स्मरणिकेसाठी पाद्रींनी मला दोन पानं लिहायला सांगितली, कारण मी मराठी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. दारावरचं साल मी 'स्थापना' म्हणून लिहून दिलं. पुढे सांक्रिस्तांवाने, म्हणजे घंटा-किल्ल्या सांभाळणाऱ्या काकांनी, वेदीजवळचं जाजम उचललं, तर खालच्या थडग्याच्या लादीवर त्याहून जुनं साल! दारावरचं साल पुन्हा बांधकाम झालं त्याचं होतं.

म्हणून आधी लाद्या वाचा. अंधार पडल्यावर दिवे मालवा आणि टॉर्च जमिनीलगत आडवी धरा. झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. खडू घासू नका. 'एर्देइरुश' (पोर्तुगीजमध्ये 'वारस') हा शब्द दिसला तर ती कबर वारसांसाठीही राखलेली आहे.

मग बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या. बाप्तिस्मा आणि लग्नांची नोंद ठेवायचा नियम कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेने १५६३ साली घातला. पाद्रींची परवानगी घ्या आणि पावसाळा टाळा, दमट पानं एकमेकांना चिकटतात. जुनी शाई कागद खाते, म्हणून पान वरच्या कोपऱ्यातून, कोरड्या हाताने उलटा. जवळ फक्त पेन्सिल ठेवा.

महिन्यांपाशी फार सांभाळा. पोर्तुगीज नोंदीत आकडा ७ आणि पुढे 'ब्रो' असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. आठचा ऑक्टोबर, नऊचा नोव्हेंबर, रोमन दहाचा डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश आठवा, चुकणार नाही. नावंही ओळखीचीच निघतात: 'सिनाय' म्हणजे शेणै हे आडनाव, 'साल्सेत' म्हणजे साष्टी तालुका.

हस्ताक्षर किंवा लिहिण्याची पद्धत एकदम बदलली तर काळ पाहा. साष्टीच्या इगर्जी जेझुइट या पाद्रीसंघाकडे होत्या आणि १७५९ साली त्यांना हद्दपार केलं. बारदेसात फ्रान्सिस्कन हा दुसरा संघ होता. बाकी पाद्रीसंघ १८३५ साली गेले. जमीन आणि खर्चाचे कागद कोमुनिदादीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत, विचारा, नंतर पणजीच्या पुराभिलेख खात्यात.

आणि हिंदू घरं सोडू नका. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मारियामातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. हे नातं बाप्तिस्म्याच्या वहीत मिळणार नाही. आमच्या शेजारच्या आजीने फेस्ताला तिची सासू कोणती फुलं न्यायची ते सांगितलं. स्मरणिकेच्या दुसऱ्या खेपेला मी ते तिच्याच शब्दांत छापलं, खाली सांगितल्याची तारीख घालून.