घोडे घेऊन दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवताना या चुका टाळा

मराठवाड्यात घोडा म्हटले की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात, नवरदेवाची वरात आणि माळेगावची यात्रा. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, सौदा झाला की घोडा ट्रकमध्ये चढवला जातो आणि दुसऱ्या दिवशी नव्या मालकाच्या दारात उभा राहतो. त्यामुळे घोडा हलवणे म्हणजे एका रात्रीचे काम, अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. संसार गुंडाळून, स्वतःचे घोडे सोबत घेऊन कायमचे परराज्यात जाताना हीच समजूत महागात पडते. नोकरीच्या निमित्ताने परभणी जिल्ह्यातून पश्चिम राजस्थानात जाताना मी एक कुमेत (तांबूस रंगाची) घोडी आणि एक खच्ची केलेला घोडा बरोबर नेला होता. त्या वेळी माझे सगळे लक्ष ट्रककडे होते आणि माझ्या बहुतेक चुका ट्रक निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात व तो पोहोचल्यानंतरच्या महिन्यात झाल्या.

पहिली चूक कागदांची. ट्रक ठरतो, सामान बांधून होते आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मालक पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्याच्या आरोग्याचा दाखला मागायला जातो. हा क्रम अगदी उलटा हवा. घोड्याच्या बाबतीत खरा अडसर ग्लँडर्स या रोगाचा असतो. बर्खोल्डेरिया मॅलेई या जिवाणूमुळे होणारा हा रोग घोडा, गाढव आणि खेचर यांच्यापासून माणसालाही होतो, त्यावर लस उपलब्ध नाही आणि तपासणीत बाधित ठरलेले जनावर नष्ट करावे लागते. २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यात या रोगाचा समावेश असून, एखाद्या भागात तो आढळल्यास तेथून घोड्यांची ने-आण आणि बाजार बंद केले जातात. रक्तजलाची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात किंवा त्यासाठी मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत होते. म्हणजे नमुना घेणे, तो थंड ठेवून पाठवणे आणि अहवाल हाती येणे यांत दिवस जाणारच. निघण्याच्या किमान महिनाभर आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलावे आणि त्याच आठवड्यात ज्या जिल्ह्यात जायचे आहे तेथील पशुसंवर्धन कार्यालयाकडून, तिथे कोणता अहवाल आणि किती दिवसांच्या आतला दाखला चालतो, हे विचारून घ्यावे. वाटेत तिसरे राज्य लागत असेल तर त्याचीही चौकशी करावी. आम्हाला मध्य प्रदेश ओलांडावा लागला होता.

दाखल्यातील वर्णनाकडे कोणी पाहत नाही, पण तपासणी नाक्यावर तेच पाहिले जाते. माझ्या घोड्याच्या जुन्या कागदावर ‘काळपट’ असा रंग लिहिलेला होता. तो जन्मला तेव्हा खरोखर तसाच होता, परंतु सब्जा (करड्या रंगाचा) घोडा वयाबरोबर उजळत जातो आणि आठव्या वर्षी तो जवळजवळ पांढरा झाला होता. सेंधव्याच्या बाजूला एका नाक्यावर कागदातला काळा घोडा आणि ट्रकमधला पांढरा घोडा एकच आहे, हे पटवून देण्यात दीड तास गेला आणि तो दीड तास घोडे उन्हात उभे होते. तेव्हा रंग, कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरेपणा, भोवऱ्यांच्या जागा आणि जुन्या जखमांचे व्रण हे सर्व नव्याने लिहून घ्यावे आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडावीत. मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक दाखल्यावर यायलाच हवा. विमा काढलेला असल्यास विमा कंपनीला आधी लेखी कळवावे, कारण पुष्कळ विमापत्रांत घोडा कोणत्या ठिकाणी ठेवलेला आहे हे नमूद असते आणि प्रवासातील अपघात वेगळी नोंद केल्याशिवाय धरला जात नाही.

एक अडचण खास आपल्या भागातली आहे. टंचाईच्या वर्षी मराठवाड्यातील जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई करतात. घोड्यांच्या सोयीसाठी म्हणून कोणी शंभर पेंढ्या कडबा ट्रकच्या टपावर लादला, तर तो घोड्यांचा शिधा आहे की विक्रीचा माल, हा प्रश्न अडवणाऱ्याला पडणारच. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार घोड्यांसोबत पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-पत्ता, घोड्यांची संख्या आणि सोबतचा चारा-दाणा ठळक लाल अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी असावी लागते. ती चिठ्ठी मनापासून भरली, तर हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

आता ट्रक. आपल्याकडे घोड्यांसाठी बनवलेली वाहने दुर्मीळ, म्हणून बहुतेकांना साधा मालट्रक किंवा पिकअपच मिळतो. नियम काय सांगतात ते तरी माहीत असावे. एका ट्रकमध्ये चार ते सहा घोड्यांहून अधिक नकोत, तळ न घसरणारा हवा, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, मागे दोन मजबूत आडवे दांडे हवेत आणि सोबत एक माणूस हवा. २०१५ मध्ये मोटार वाहन नियमांत जी भर पडली तिच्याप्रमाणे एका घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा मिळायला हवी आणि जनावरे नेणाऱ्या वाहनाला परिवहन कार्यालयाचा वेगळा परवाना लागतो. ‘सगळे चालते’ असे म्हणणाऱ्या चालकाकडे हा परवाना आहे का, हे भाडे ठरवण्याआधी पाहावे. मी पाहिले नव्हते, आणि पहिला ठरवलेला ट्रक त्यामुळेच निघण्याच्या सकाळी परत पाठवावा लागला.

याच १९७८ च्या नियमांत वेगाची मर्यादा ताशी ३५ किलोमीटर आहे. ती वाचून लोक हसतात. हसण्याऐवजी गणित करावे: हजार किलोमीटरच्या वाटेला या वेगाने निव्वळ चालण्याचेच २८ तासांहून अधिक लागतात, म्हणजे दोन रात्रीचे मुक्काम धरूनच बेत आखायला हवा. एका दमात पोहोचण्याचा हट्ट धरणारा मालक खरे तर वेळ वाचवत नाही, तो पुढचा आठवडा दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवत असतो. चालकाला वेगापेक्षाही ब्रेक आणि वळण यांबद्दल बजावावे, कारण घोडा पूर्ण प्रवास उभ्यानेच करतो आणि प्रत्येक धक्का चार पायांवर तोलतो. कन्नडच्या औट्रम घाटासारख्या वळणांवर तो तोल सांभाळताना थकून जातो. या घाटात जड वाहनांवर निर्बंध असतात, म्हणून वाट कोणती घ्यायची हेही आधीच ठरवावे.

घोड्याने ट्रकबाहेर डोके काढू नये म्हणून त्याला आखूड बांधतात, आणि ते योग्यच आहे. चूक पुढे होते. तो तसाच दहा-दहा तास बांधलेला राहतो. चरताना घोड्याची मान खाली असते आणि त्या स्थितीत श्वासनलिकेतील धूळ व कफ आपोआप बाहेर येतो. मान सतत वर राहिली की तो कफ फुप्फुसाकडे उतरतो आणि तिथे जंतू वाढतात. प्रवासानंतर येणारा ताप आणि न्यूमोनिया यांचे हे मोठे कारण आहे. म्हणून दर चार-पाच तासांनी ट्रक सावलीत थांबवून मोहरकीचा (तोंडावरच्या बांधणीचा) दोर सैल करावा आणि जमिनीजवळ थोडी वैरण ठेवून अर्धा तास तरी घोड्याला मान खाली घालू द्यावी. दोर सुती असावा व गाठ एका ओढीत सुटणारी असावी. पडलेल्या घोड्याची नायलॉनची करकचलेली गाठ सोडवण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये.

बुजणाऱ्या घोड्याला गुंगीचे इंजेक्शन देऊन चढवणे ही चूक अनुभवी मंडळीही करतात. गुंगीतल्या घोड्याला तोल सावरता येत नाही आणि त्याचा रक्तदाबही उतरतो. त्यापेक्षा आधीचे दहा-बारा दिवस मैदानात ट्रक उभा करून, फळीवर माती आणि गोणपाट टाकून, घोड्याचा तोबरा (दाण्याची पिशवी) रोज आतच बांधावा. माझी घोडी पहिले चार दिवस फळीवर एक पाय ठेवून मागे सरत होती आणि नवव्या दिवशी मोतद्दाराच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) आधी आत जाऊन उभी राहिली. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण फळी लावताना तर विशेष लक्षात ठेवावी, कारण ढकलाढकली करणारी माणसे नेमकी तिथेच उभी असतात.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पाण्याची आहे. साधारण घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक, आणि परक्या वासाचे पाणी तो सरळ नाकारतो. धुळ्याच्या पुढे एका पेट्रोल पंपावर मी नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या बादलीत पाणी धरले, तेव्हा घोडीने ओठ बुडवले, नाकपुड्या फुरफुरवल्या आणि मान फिरवली. तहान नसेल, असे मी समजलो. संध्याकाळपर्यंत तिची लीद लहान, कोरडी आणि चकचकीत झाली होती, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसत होती आणि हिरड्या चिकट लागत होत्या. पोटशूळ अगदी उंबरठ्यावर आला होता. शेवटी घरून आणलेल्या जुन्या लोखंडी बादलीत, थोडा गूळ विरघळवून दिलेले पाणी ती प्यायली. निघण्याआधी आठवडाभर घरच्याच पाण्यात गुळाची चव लावून ठेवली असती, तर वाटेतले कोणतेही पाणी तिला ओळखीचे वाटले असते. घरच्या पाण्याचे दोन-तीन कॅन आणि रोजची बादली ट्रकमध्ये ठेवणे याला काहीच खर्च येत नाही.

पोहोचल्यावर दमलेल्या घोड्याला दुप्पट चंदी (दाण्याचा खुराक) देण्याचा मोह आवरावा. भिजवलेले हरभरे आणि जव यांचा मोठा खुराक थकलेल्या, अर्धवट कोरड्या पडलेल्या आतड्यांना झेपत नाही, आणि घोड्याला ओकता येत नसल्याने पोटात गेलेले बाहेर येण्याची दुसरी वाट नाही. पहिला दिवस पाणी आणि सवयीची कोरडी वैरण एवढेच पुरे. नंतर सात ते दहा दिवसांत, जुन्या चाऱ्यात पाव-पाव भाग नवा मिसळत बदल करावा. म्हणूनच निदान दहा दिवसांचा घरचा कडबा सोबत असणे गरजेचे असते.

दिशेनुसार धोके बदलतात. मराठवाड्यातून वाळूच्या प्रदेशात गेलेला घोडा जमिनीवर टाकलेली वैरण खाताना वाळूही गिळतो आणि ती मोठ्या आतड्यात साचते. तपासणी सोपी आहे: लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून पिशवी एका कोपऱ्यावर टांगून ठेवावी. अर्ध्या तासाने माझ्या पिशवीच्या टोकाला बोटभर वाळू बसली होती. त्या दिवसापासून वैरण गव्हाणीत आणि खाली रबरी चटई, असा नियम केला.

उलट बाजूने, मारवाडातून आपल्याकडे येणाऱ्या घोड्याला काळी जमीन आणि हिरवी ज्वारी या दोन गोष्टी जपाव्या लागतात. पावसाळ्यात चिखलात उभ्या घोड्याच्या खुराची पुतळी (तळव्याचा मऊ भाग) सडते आणि तिला दुर्गंधी येते. मुरूम टाकलेले उंच ठाण (घोडा बांधण्याची जागा) आणि रोज खूर साफ करणे यांशिवाय त्यावर खरा इलाज नाही. हिरवी ज्वारी तर येथे बैलाला घालतात म्हणून सहज घोड्यालाही घातली जाते. कोवळ्या ज्वारीतील सायनाइडजन्य विषबाधा सर्व शेतकऱ्यांना ठाऊक असते, पण घोड्याला ही ज्वारी आठवडेच्या आठवडे खाऊ घातल्यास मूत्राशयाला सूज येते, लघवी ठिबकत राहते आणि मागचे पाय लटपटू लागतात, हे फार थोड्यांना माहीत असते. वाळलेल्या कडब्याने असे होत नाही.

नव्या ठिकाणी आधीपासून घोडे असतील तर आपला घोडा दोन ते तीन आठवडे वेगळ्या ठाणावर, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या खराऱ्याने (अंग घासायच्या ब्रशने) सांभाळावा. शेजाऱ्याला ते शिष्टपणाचे वाटले तरी हरकत नाही. या काळात पहिले पाच दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर धरून ताप मोजावा. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. ३८.५ च्या वर पारा गेला, नाक वाहू लागले किंवा घोडा चंदीपासून तोंड फिरवू लागला, तर ‘प्रवासाचा शीण आहे, उतरेल’ असे म्हणत थांबू नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची आपल्याला सवय असते, नव्या गावात ती सोय किती अंतरावर आहे हे ट्रक निघण्यापूर्वीच शोधून ठेवावे. मी पोहोचल्यावर तिसऱ्या रात्री ३९.४ हा आकडा पाहिला तेव्हा हातात एकही फोन क्रमांक नव्हता, आणि सकाळी सात वाजेपर्यंत गव्हाणीजवळ बसून घोडीचे श्वास मोजण्याखेरीज मला काही करता आले नाही.