जुन्या दुनळी बंदुकीला नवा दस्ता: आधी ओळख, मग लाकूड

घरातली जुनी बारा बोअरची दुनळी बंदूक दस्ता तडकलेल्या अवस्थेत हाती आली की पहिला विचार नव्या लाकडाचा येतो. वास्तविक लाकडाचा प्रश्न बराच नंतर येतो. सर्वांत आधी कागद. परवानाधारकाचे निधन झाले असेल, तर वारसाला परवाना मिळेपर्यंत ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असावी लागते. दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. त्यामुळे शोध, मापे आणि लाकडाची निवड मालकाने करावी आणि धातूशी संबंधित प्रत्येक काम कारागिराच्या दुकानात व्हावे, ही वाटणी सोयीची आणि कायद्याला धरून आहे.

बंदूक कोणाची हे ठरवताना नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेल्या नावावर लगेच विश्वास ठेवू नये. कलकत्त्याच्या रॉडा किंवा मँटन या पेढ्यांची नावे, तसेच मुंबईत काळा घोड्याला एकेकाळी मोठे दुकान असलेल्या आर्मी अँड नेव्हीचे नाव भारतातल्या अनेक बंदुकांवर दिसते, पण अशा बंदुका पुष्कळदा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत तयार होऊन विक्रेत्याच्या नावाने इकडे येत. खरी माहिती नळ्या उतरवल्यावर त्यांच्या बुडाच्या सपाट भागावर सापडते. तिथे चाचणीगृहाचे, म्हणजे नळ्यांची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतात: लंडनचे वेगळे, १८१३ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे वेगळे. शिक्क्यांची पद्धत वेळोवेळी बदलत गेल्याने त्यांच्यावरून बंदुकीचा काळ बऱ्यापैकी बांधता येतो. ‘नॉट फॉर बॉल’ असा मजकूर दिसला, तर नळी साधारण १८७५ ते १८८७ या काळातली, चोक असलेली, म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेली आहे. चौरस इंचाला टनांत दाबाचा आकडा दिसला, तर ती चाचणी १९५४ नंतरची आहे. शिक्क्यांचे छायाचित्र तिरप्या उजेडात घ्यावे, कारण समोरून पडलेल्या प्रकाशात झिजलेली अक्षरे सपाट दिसतात. क्रमांक नळ्यांवर, ॲक्शनवर (नळ्या ज्यात बसतात त्या मधल्या धातूच्या भागावर), पुढच्या लाकडाच्या लोखंडावर आणि चापाच्या कड्याच्या शेपटीवर असा सर्व ठिकाणी ताडून पाहावा. तो जुळला नाही, तर बंदूक दोन बंदुकांची जोड असू शकते. हाच क्रमांक परवान्यावरही असतो, म्हणून तो पॉलिशच्या नादात अस्पष्ट होऊ देणे हे केवळ मूर्खपणाचे नव्हे, तर कायद्यानेही अंगाशी येणारे काम आहे.

नळ्या कामाच्या नसतील, तर उत्तम अक्रोडावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. नळ्यांची जोडी आकड्याला टांगून लाकडी दांड्याने हलके टकटक करावे. घंटेसारखा निखळ नाद आला तर पट्ट्या घट्ट आहेत आणि आवाज बसका आला तर कुठेतरी पट्टीचा डाग (झाळकामाचा सांधा) सुटला आहे. जुन्या इंग्लिश बारा बोअरचे चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, बहुधा २½ इंचांचे, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरचे असते, आणि आजची बरीचशी काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. लांब काडतूस आत सहज बसते, हीच खरी गफलत आहे: उडाल्यावर त्याचे तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्या जोडून केलेल्या, नळ्यांच्या बाबतीत तर भिंतीची जाडी जाणकाराकडून मोजून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आता जुना दस्ता. तो तुटका असला तरी नवा दस्ता घडवण्यासाठी त्याच्याइतका खात्रीचा नमुना दुसरा नाही. पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंतची लांबी, पट्टीची रेषा मागे वाढवून तिच्यापासून गालाच्या कडेपर्यंतचा आणि टाचेपर्यंतचा उतार, आणि दस्ता बाजूला किती वळवला आहे, ही चार मापे लिहून ठेवावीत. इंग्लिश बंदुकांत ही लांबी बहुधा १४½ इंचांच्या आसपास आणि उतार गालापाशी १½, टाचेपाशी २ ते २½ इंच असतो. उजव्या खांद्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवलेला असतो. नेम धरणाऱ्याची शरीरयष्टी वेगळी असेल तर मापे बदलावीत, पण ती कागदावर ठरवून, लाकूड कापताना नव्हे.

लाकूड अक्रोडाचेच घ्यावे, आणि वर्षानुवर्षे सावलीत वाळलेले. नक्षीदार फळीचा मोह सगळ्यांना होतो. नक्षी मागच्या रुंद भागात खुशाल असावी. मनगटापाशी मात्र, जिथे दस्ता सर्वांत बारीक आणि कमजोर असतो, तिथे रेषा सरळ आणि मनगटाच्या वळणाला धरूनच जायला हव्यात. तिथे रेषा आडवी गेली की सुंदर दस्ताही एका धक्क्यात मोडतो. कोकणात किंवा मुंबईत हे काम पावसाळ्यात करू नये, कारण तेव्हा फुगलेल्या लाकडात बसवलेला धातू मार्गशीर्षात सैल झालेला आढळतो.

जोडणीचा भाग कारागिराच्या हातचा, पण तो पाहून ठेवण्यासारखा आहे. रॉकेलच्या दिव्याची काजळी धातूवर धरायची, तो लाकडातल्या खाचेत दाबायचा, उचलून पाहायचे आणि जिथे काळा डाग उमटला तिथूनच धारदार पटाशीने केसाएवढा पापुद्रा काढायचा. हे शेकडो वेळा चालते. ॲक्शनचा मागचा चेहरा लाकडाला सर्वत्र सारखा टेकला पाहिजे, आणि ॲक्शनच्या मागे आलेल्या शेपटीच्या टोकापाशी मात्र कागदाएवढी मोकळीक ठेवली पाहिजे; ती नसेल, तर बंदुकीचा धक्का पाचरीसारखा लाकूड फाडतो. बॉक्सलॉकमध्ये, म्हणजे वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यात १८७५ साली निघालेल्या अँसन आणि डीली यांच्या रचनेत, कळ ॲक्शनच्या आतच असल्याने आतले लाकूड कमी पोखरावे लागते. कळ बाजूच्या पट्ट्यांवर असलेल्या साइडलॉकला जास्त, म्हणून मजुरीही जास्त. स्क्रूंच्या खाचा अगदी बारीक असतात. त्यांच्यासाठी नेमके घासून बसवलेले पेचकस वापरणारा कारागीर शोधावा. खाच बिघडलेला एकही स्क्रू दिसला, की पुढच्या ग्राहकाला कामाची सगळी कथा कळते.

शेवटच्या घासणीनंतर लाकूड ओले करावे, उभे राहिलेले तंतू वाळल्यावर घासून काढावेत आणि हे दोनतीनदा करावे. मग जवसाचे तेल. इंग्लंडमध्ये त्यात ज्या मुळाचा तांबूस रंग उतरवत, त्याच्या कुळातली रतनजोत आपल्याकडे मसाल्याच्या दुकानात मिळते. मुळे तेलात भिजवून गाळून घ्यावीत. बोटाला जेमतेम लागेल इतके तेल तळहाताने चोळावे आणि एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. घाईने दिलेला जाड हात चिकट राहतो आणि धूळ धरतो. तेलाच्या चिंध्या चुरगळून ढीग करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. पकडीसाठीची बारीक चौकड्यांची जाळी (चेकरिंग), साधारण इंचाला २२ ते २४ रेषांची, मुख्य तेलकाम संपल्यावर कापतात, म्हणजे रेषांची टोके तेलाने बुजत नाहीत.

जुना दस्ता टाकून देऊ नये. घडवणाऱ्याच्या खुणा, पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक किंवा माप त्याच्या आत असू शकते, म्हणून तो बंदुकीच्या कागदपत्रांसोबतच ठेवावा.