जनावर अचानक मेलं तर सुरी लावू नका

मृगाचे एकदोन सडे पडले की माळावर कोवळं गवत फुटतं आणि उन्हाळाभर कडब्यावर काढलेली गुरं त्यावर तुटून पडतात. गवत जेमतेम बोटभर, त्यामुळे मुळाबरोबर मातीही पोटात जाते. ज्या शिवारात पूर्वी कधी फाशी (काळपुळी, अँथ्रॅक्स) हा जंतूंचा रोग होऊन गेला आहे, तिथे या मातीतच त्याचे बीजाणू (जंतूंचं टणक, सुप्त रूप) असतात. पाऊस, ऊन, थंडी, कशानेही ते सहज मरत नाहीत. रशियातल्या यामल भागात १९४१ नंतर हा रोग दिसला नव्हता; २०१६ च्या कडक उन्हाळ्यात गोठलेली जमीन वितळली आणि दोन हजारांवर रेनडिअर मेले, एक १२ वर्षांचा मुलगाही दगावला.

संध्याकाळी वैरण खाल्लेला बैल सकाळी दावणीला मरून पडलेला दिसतो. पोट टम्म फुगलेलं, पाय हवे तसे ताठरलेले नाहीत. नाकातून, शेणाच्या जागेतून काकवीसारखं काळपट रक्त येतं आणि ते साकळत नाही. 'पान लागलं असेल' (साप चावला असेल) म्हणून मंडळी मोकळी होतात. तसं असेलही, पण खात्री होईपर्यंत फाशीच धरून चाला.

कातडं सोडवू नका, मांस वाटून घेऊ नका. शिजवलं की चालतं, हा समज जिवावर बेतणारा आहे. बंद शरीरात हे जंतू कुजण्याबरोबर काही दिवसांत मरतात. चीर पडली, रक्ताला हवा लागली, की त्यांचेच बीजाणू होतात आणि ती जागा वर्षानुवर्षं बाधते. म्हणून या रोगात शवविच्छेदनही करत नाहीत. डॉक्टर कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतात, तेवढं पुरतं.

१९६२ या फोन क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्याने ते बंधनकारकही आहे. तोवर कुत्री, कावळे हाकला आणि मढं फरपटत ओढ्याकडे नेऊ नका. जाळणं उत्तम, नाहीतर पाणवठ्यापासून दूर, किमान ६ फूट खोल पुरा, खालची रक्ताळलेली माती आणि वैरणही त्यातच टाका. बाकीच्या गुरांना त्या रानात सोडू नका, दिवसातून दोन वेळा त्यांचा ताप बघा.

लस सगळीकडे टोचत नाहीत, रोग होऊन गेलेल्या भागातच वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी देतात. ती जिवंत बीजाणूंची असते, त्यामुळे प्रतिजैविकं चालू असलेल्या जनावराला टोचली तर वाया जाते. आधीच्या औषधांबद्दल डॉक्टरांपासून लपवू नका.

मढं हाताळलेल्या माणसाच्या हातावर, मानेवर साधारण आठवड्याभरात किडा चावल्यासारखी खाजरी पुळी येते. तिचा पाण्याचा फोड होतो, मग मधोमध काळी खपली धरते, भोवती सूज येते. दुखत मात्र नाही, आणि म्हणूनच लोक अंगावर काढतात. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर माणूस बरा होतो. दवाखान्यात गेल्यावर गोठ्यात जनावर मेलं होतं हे आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.