वेबसाइटचे प्रस्ताव मागवण्याआधी दोन आठवडे ग्राहकांसोबत घालवा

ठाण्यातली एखादी पतसंस्था नवी वेबसाइट करायला काढते, तेव्हा कार्यालयात साधारण अशी यादी तयार होते: होम पेज, संचालक मंडळ, योजना, फोटो गॅलरी, चॅटबॉट आणि ‘आकर्षक डिझाइन’. ही यादी चार-पाच वेंडरना जाते. येणारी कोटेशनं एकमेकांशी ताडून पाहताच येत नाहीत, कारण ‘योजना’ या एका शब्दामागे एकाने चार पानं धरलेली असतात, तर दुसऱ्याने व्याजाचा कॅल्क्युलेटर आणि ऑनलाइन अर्जही. शेवटी सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडलं जातं आणि काउंटरवरचे फोन पूर्वीइतकेच वाजत राहतात. आरएफपीत, म्हणजे वेंडरकडून प्रस्ताव मागवण्याच्या दस्तऐवजात, पानांची यादी देण्याऐवजी येणाऱ्या माणसाला काय करून हवं आहे ते लिहिलं तर हे टळतं. मात्र ते खुर्चीत बसून ठरवता येत नाही. त्यासाठी दोन आठवड्यांची यूएक्स रिसर्च, म्हणजे लोक साइट कशी वापरतात याची पाहणी, लागते आणि ती संस्थेचे कर्मचारी स्वतः करू शकतात.

पहिल्या आठवड्यात चौकशीच्या काउंटरवर एक वही ठेवा. सहा कामकाजाच्या दिवसांत येणारा प्रत्येक फोन आणि प्रत्येक चौकशी तिच्यात नोंदवा. प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत लिहायचा. ‘एफडी मधेच मोडली तर किती कापतात?’ असं कोणी विचारलं तर तसंच लिहा, ‘मुदतपूर्व ठेव परतावा’ असं शुद्ध करू नका. नव्या साइटच्या मेनूत आणि सर्चमध्ये हेच शब्द लागणार आहेत. महापालिकेच्या पत्रावर ‘मालमत्ता कर’ असतो, पण माणूस शोधताना ‘घरपट्टी’ किंवा ‘प्रॉपर्टी टॅक्स’ टाइप करतो, तसंच हे. जुनी साइट गूगल सर्च कन्सोलला (लोक गूगलवर काय शोधून साइटपर्यंत येतात ते दाखवणाऱ्या मोफत साधनाला) जोडलेली असेल तर तिथून गेल्या १६ महिन्यांपर्यंतचे शोधशब्दही काढून घ्या.

दुसऱ्या आठवड्यात लोक सध्याची साइट प्रत्यक्ष वापरताना पाहायचं. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब असा की एकाच प्रकारच्या ५ जणांची चाचणी घेतली तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो, हे त्यातलं गृहीत आहे. गट अगदी वेगळे असतील, म्हणजे नौपाड्यातले निवृत्त ठेवीदार आणि वागळे इस्टेटमधले कर्जदार कामगार, तर दोन्ही गटांतून वेगवेगळे ४-५ जण घ्या. प्रत्येकाला ३० मिनिटं पुरतात. चाचणी त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच मोबाइल डेटावर घ्या. कार्यालयाच्या वाय-फायवर साइट पळते, पण ठाणे स्टेशनच्या फलाटावर तिचं काय होतं ते त्यावरून कळत नाही.

काम सांगताना साइटवरचे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ‘मुदत ठेवीचे दर शोधा’ म्हटलं की माणूस तोच शब्द डोळ्यांनी शोधतो आणि चाचणी वाया जाते. ‘तुमच्याकडे १ लाख रुपये आहेत, वर्षभर ठेवायचे आहेत, शेवटी किती मिळतील ते बघा,’ असं सांगा. मग गप्प बसा. सगळ्यात अवघड भाग हाच, कारण समोरचे काका अडखळले की आपलं बोट आपोआप त्यांच्या स्क्रीनकडे जातं. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त लिहायचं: काम पूर्ण झालं का, किती वेळ लागला, कुठे अडलं, अडल्यावर तोंडून कोणता शब्द आला. खाते क्रमांक किंवा ओटीपी नोंदवू नका आणि स्क्रीन रेकॉर्ड करायची असेल तर आधी परवानगी घ्या.

‘साइट आवडली का?’ हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडे पाहुण्यासारखं बसवलेला माणूस ‘छान आहे’ असंच म्हणणार. चाचणीत अध्यक्ष किंवा व्यवस्थापक समोर नकोत आणि संचालकांचे नातेवाईक तर मुळीच नकोत. अहवालात ‘८० टक्के अयशस्वी’ असं लिहू नका, ‘५ पैकी ४ जणांना हप्त्याची रक्कम सापडली नाही’ असं लिहा. पाच माणसांवरून टक्केवारी काढणं बरोबर नाही.

याच काळात जुन्या मजकुराची मोजणी उरका. खर्चाचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. ‘साधारण ६० पानं’ असं सांगितलं जातं, पण पीडीएफची संख्या कोणी मोजलेली नसते. त्यातही जुने अहवाल, नियमावल्या आणि अर्ज युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये असतात. ते सर्चला सापडत नाहीत, स्क्रीन रीडरला (अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाहीत आणि कॉपी केले तर निरर्थक अक्षरं उमटतात. म्हणून एक साधी शीट करा: फाइलचं नाव, तारीख, युनिकोड आहे की नाही, ठेवायची की काढायची, मजकुराला कोण जबाबदार. मराठी आणि इंग्रजी मजकूर कोण लिहिणार, तेही याच शीटमध्ये ठरू द्या. वेंडर समजतो मजकूर तयार मिळेल, संस्था समजते वेंडर लिहील, आणि प्रकल्प इथेच महिनोन्‌महिने अडकतो.

आता आरएफपी लिहा. ८ ते १० पानं पुरे. पहिल्या पानावर निरीक्षणं द्या, त्यानंतर कामांचा तक्ता. प्रत्येक ओळीत कोणता ग्राहक, कोणतं काम, आज काय होतं आणि नव्या साइटवर काय व्हायला हवं ते लिहा. उदाहरणार्थ: ‘ठेवीदार; वर्षाअखेरीची रक्कम शोधणे; ५ पैकी २ जणांना जमलं; नव्या साइटवर ५ पैकी किमान ४ जणांना मदतीशिवाय जमावं.’ कॅल्क्युलेटर द्यायचा की साधा तक्ता, ते वेंडरला सुचवू द्या. ‘चॅटबॉट हवा’ असं लिहिलं की तुम्ही उत्तर विकत घेता आणि प्रश्न तसाच राहतो.

‘वेगवान’, ‘सुलभ’ हे शब्दही मोजता येतील असे करा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा. सुलभतेसाठी डब्ल्यूसीएजी २.२ या, अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची एए पातळी मागा, त्यात साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट लागतो. डोमेन, होस्टिंग खातं, सोर्स कोड आणि डिझाइनच्या फाइल संस्थेच्या नावावर राहतील हे स्पष्ट लिहा. बजेटची कमाल-किमान मर्यादाही सांगा. ती लपवली तर वेंडर अंदाजाने आकडा टाकतात आणि तुम्ही पुन्हा न जुळणाऱ्या कोटेशनांपाशी येता.

उत्तरासाठी ३ आठवडे द्या. मधे एक बैठक घ्या आणि एकाने विचारलेल्या शंकेचं उत्तर सगळ्यांना लेखी पाठवा. फुकट नमुना डिझाइन मागू नका, कारण ग्राहकांना न भेटता केलेलं चित्र फक्त संचालकांना खूश करतं. त्याऐवजी तक्त्यातलं एक काम निवडून ‘हे कसं सोडवाल आणि कोणासोबत तपासाल’ असं दोन पानांत विचारा. गुणांची वाटणी आधीच जाहीर करा, जसं की समज आणि पद्धतीला ४०, तशाच कामाच्या अनुभवाला ३०, किमतीला ३०. सरकारी किंवा महापालिकेच्या कामात मात्र खरेदीचे नियम त्या त्या कार्यालयाचेच लागू होतील.

पैशाचे टप्पेही कामांशी जोडा. कोड लिहायच्या आधी क्लिक करता येणाऱ्या नमुन्यावर तीच कामं नव्या ५ जणांकडून करून घ्या, आणि साइट सुरू होण्याआधी आणखी एकदा. शेवटचे २० टक्के या दुसऱ्या चाचणीतल्या अडचणी दुरुस्त झाल्यावर द्यायचे, असं करारात घाला. त्याच कलमाखाली संस्थेची बाजूही लिहा: मजकूर ठरल्या तारखेला दिला नाही, तर तेवढे दिवस वेंडरची मुदत वाढेल.