पीडीएफवरची काळी पट्टी आकडे पुसत नाही

कागदपत्र पाठवण्याआधी खाते क्रमांकावर काळा चौकोन ओढला, म्हणजे तो क्रमांक गेला असं समजू नका. पीडीएफमध्ये मजकूर आणि त्यावरचा चौकोन या दोन वेगळ्या गोष्टी असतात. खालचे आकडे बहुतेक वेळा फाइलमध्ये जसेच्या तसे राहतात. ताडून पाहा: फाइल उघडा, कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. लपवलेला क्रमांक तिथे दिसला, तर ती फाइल अजिबात पाठवू नका.

मूळ वर्ड फाइल हाताशी असेल तर आकडे खोडून त्यांच्या जागी फुल्या टाका आणि नवी पीडीएफ बनवा. ती नसेल तर चौकोन ओढलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तेच चित्र पाठवा; चित्रात फक्त रंगाचे ठिपके असतात, खाली मजकूर उरत नाही.

फोनवर हे करताना मात्र हायलायटर नको, कितीही वेळा फिरवला तरी. तो अर्धपारदर्शक असतो, त्यामुळे चित्राचा उजेड वाढवला की आकडे वर येतात. भरीव चौकोनच घ्या.

वर्डमध्ये क्रॉप केलेल्या फोटोचा कापलेला भागही फाइलमध्येच असतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये कापलेला भाग काढून टाकण्याचा पर्याय निवडला, तरच तो जातो.