गोठलेल्या जमिनीत सर्व्हेची खूण रोवताय? या चुका टाळा

उलवे, द्रोणागिरीच्या खाडीगाळात काम केलेल्या सर्व्हेअरला एकच धास्ती असते: टीबीएम, म्हणजे उंची मोजायला आधार म्हणून रोवलेली तात्पुरती खूण, खचणार. म्हणून तो खड्डा मोठा घेतो, वर काँक्रीटचा चौथरा बांधतो. ही सवय ध्रुवाकडे नेलीत तर खूण खचणार नाही, उलट वर येईल. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंड इथे भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून चालू आहे, त्यामुळे नवी मुंबईतल्या एखाद्या सर्व्हेअरच्या वाट्याला असं काम येणारच नाही असं नाही.

तिथे खाली वर्षानुवर्षं गोठलेला पर्माफ्रॉस्ट असतो आणि त्यावर दर उन्हाळ्यात वितळून थंडीत पुन्हा गोठणारा थर. अलास्काच्या उत्तर टोकाला हा थर जेमतेम हातभर, स्वालबार्डला काही ठिकाणी मीटरच्याही पुढे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण खरा उपद्रव वेगळाच. बारीक माती गोठता गोठता आजूबाजूचं पाणी ओढून घेते, आत बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात आणि माती उचलली जाते. तिला चिकटलेली खूणही सोबत उठते. उन्हाळ्यात माती खाली बसते, खूण मात्र पूर्ण बसत नाही, कारण खालच्या पोकळीत चिखल शिरलेला असतो. खाडीत रुतलेला पाय उपसला की खड्डा लगेच भरतो, तसंच. दरवर्षी थोडं थोडं, आणि लेव्हल बुकात ते ‘निरीक्षणातली चूक’ म्हणून खपून जातं.

त्यामुळे सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वरच्या थरात रुंद, खडबडीत काँक्रीट भरणं. बर्फाला पकडायला आपणच जागा करून देतो. शिवाय सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं, त्याने भोवतालचा बर्फ वितळतो, आणि उरलेलं काँक्रीट नीट सेट होण्याआधीच गोठतं. खूण खाली घट्ट आणि वर सुटी हवी. दांडा पर्माफ्रॉस्टमध्ये खोल न्या, मीटरभर थर वितळत असेल तर तीन-चार मीटरची तयारी ठेवा. टोकाला चकती किंवा स्क्रूसारखे पाते लावा, भोवती वाळू-पाण्याचा लगदा भरून तो गोठू द्या. वितळणाऱ्या थरातल्या भागावर मात्र सैल पाइप चढवा आणि मधली फट ग्रीसने भरा. माती पाइपाला उचलेल, दांड्याला नाही.

भोक पाडल्या दिवशीच उंची घेऊ नका. ड्रिलिंगची उष्णता जमिनीत शिरलेली असते. एक हिवाळा जाऊ द्या, मग बिलाचं बघा.

खुणेभोवतीचं शेवाळ खरवडून जागा ‘स्वच्छ’ करणं हाही आपलाच हातखंडा. ते शेवाळ उन्हापासूनचं पांघरूण आहे, काढलं की वितळ खोल जाते. इमारतीची ऊब, गाड्यांची वाट, साचणारं पाणी यांपासूनही लांब राहा.

खडक मिळाला तर उत्तम, पण हातोडी मारून ऐका. पोकळ आवाज आला तर तो सुटा दगड आहे, आणि सुटे दगडही उचलले जातात.

आता आकडा बिघडलाय अशी शंका आली तर? एकट्या खुणेवरून काहीच कळत नाही, म्हणून सुरुवातीलाच तीन खुणा ठेवा आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, त्याच सुमारास मोजा. एकच खूण इतर दोघींपेक्षा वर गेली असेल तर ती उचलली गेली. बुंध्याभोवती फट किंवा दांडा कललेला दिसतोय का तेही पाहा. तिघींमधला फरक कायम असून जीएनएसएसने (उपग्रहांच्या मदतीने) मोजलेली उंची बदलली, तर आधी अँटेनाची उंची तपासा. तरीही फरक उरला, तर खुद्द जमीन वर येत असेल: हिमनद्यांचं ओझं कमी होत असल्याने स्वालबार्ड दरवर्षी काही मिलिमीटर उचललं जातंय.

वर आलेली खूण घण मारून खाली मात्र बसवू नका. जुना इतिहास जातो आणि खालची पकडही. नवी उंची तारखेसह नोंदवा, शेजारी दुसरी खूण रोवा आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही मोजा.